धुरी सर आणि टेबलावरची तांबडी रेघ

माझे बाबा कुर्ल्याच्या एका मिलमध्ये बदली कामगार होते. बदली म्हणजे रोज सकाळी मिलच्या गेटवर जाऊन उभं राहायचं. कोणी कायम कामगार आला नसेल तर त्याच्या जागी आत घेणार, नाहीतर आल्या वाटेने घरी. आम्ही घाटकोपरला असल्फ्याच्या टेकडीवर एका खोलीत राहायचो. बाबा गेले की आई लगेच स्टोव्ह पेटवत नसे. शर्टांना काजं करायचं काम ती घरी आणायची, ते घेऊन उंबऱ्यावर बसायची आणि एक डोळा पायवाटेवर ठेवायची. बराच वेळ बाबा परत येताना दिसले नाहीत की मगच तांदूळ निवडायला घ्यायची. शेजारीण विचारायची, आज लागलं वाटतं काम? आई म्हणायची, संध्याकाळी सांगते.

अशा घरात वाढल्यावर विश्वास ठेवायची घाई अंगात राहत नाही. म्हणूनच असेल, धुरी सरांना शाळेतली बाकीची मुलं जेवढी घाबरायची तेवढी मी कधी घाबरले नाही. संशयी माणूस मला नवा नव्हता.

धुरी सर आमच्या शाळेत पदार्थविज्ञान शिकवायचे. मूळचे मालवणकडचे. उंच, हाडकुळे, बारा महिने बंद गळ्याचा खाकी कोट आणि हातात छत्री. खुर्चीत बसायच्या आधी ती दोन्ही हातांनी हलवून बघायचे. शाळेच्या घंटेवर त्यांचा विश्वास नव्हता, स्टेशनच्या घड्याळावर तर मुळीच नव्हता. शिपायाने आणलेला चहा ते काचेच्या ग्लासात ओतून घ्यायचे आणि खिडकीच्या उजेडात धरून बघायचे. त्यात काय दिसायचं देव जाणे. घरी दूध मापायला त्यांनी काचेचं दुग्धमापक ठेवलं होतं. भय्याने पाणी घातलं असेल तर ते लगेच कळायचं आणि त्या दिवशी सर खुशीत असायचे. पण एखाद्या दिवशी दूध शुद्ध निघालं की त्यांचा चेहरा उतरायचा. म्हणजे पाणी घालून वर आणखी काहीतरी घातलंय, असं त्यांचं म्हणणं.

त्यांचा एकच शब्द होता: कशावरून. तुम्ही काहीही सांगा. सर, उद्या सुट्टी आहे. कशावरून? सर, माझं पोट दुखतंय. कशावरून? सर, प्रकाश सरळ रेषेत जातो. पुस्तकातच आहे ते. तरी कशावरून? मुलांनी त्यांचं नावच कशावरून सर पाडलं होतं, आणि ते सरांना माहीत होतं. फक्त पहिल्यांदा कोणी पाडलं याचा शोध त्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही.

शेर-छटाक जाऊन किलो-ग्रॅम आले तेव्हाची गोष्ट. मी लहान होते आणि आईबरोबर बाजारात होते, म्हणून डोळ्यांनी पाहिलेलं सांगते. नव्या मापांत दुकानदार फसवतात म्हणून सर शाळेतला स्प्रिंगचा काटा पिशवीत घालून बाजारभर हिंडायचे. वाणी त्यांना बघून हसायचे, पण माप नीट घालायचे. त्या दिवशी ते भांडुपच्या नर्मदाबाईपुढे उभे राहिले. नर्मदाबाई कोळीण होती, आणि मासळी कुठे वजनावर विकतात? वाटे लावलेले असतात, पसंत पडेल तो उचलायचा. सरांनी काटा काढला आणि एकेक वाटा वजन करायला सुरुवात केली. मागे गिऱ्हाइकं खोळंबली. नर्मदाबाईने थोडा वेळ बघितलं.

"मास्तर," ती म्हणाली, "म्हावरा शिजवाचा हाय का परीक्षेला बसवाचा?"

सगळा बाजार हसला. सर नाही हसले. वाटे सारखे नाहीत, असं त्यांनी तिला सुनावलं. मग मोठा हाय तो घ्या ना, डोले हायेत ना तुम्हाला, असं ती म्हणाली. सरांनी सगळ्यात जड वाटा उचलला, चार पावलं गेले आणि परत आले. एवढ्या सहज कसा दिला, म्हणून त्यांनी मासळीचे कल्ले उघडून बघितले. मासळी ताजी होती. त्यानंतर ते नेहमी तिच्याकडूनच घेत. विश्वास बसला म्हणून नाही, तिच्यावर लक्ष ठेवायचं म्हणून.

आता माझं सांगते, पण थोडक्यात. तेव्हा एस.एस.सी. अकरावीला असायची आणि काही विषय आपण निवडायचे. आमच्या शाळेत मुलगे पदार्थविज्ञान घ्यायचे आणि मुली शरीरशास्त्र-आरोग्यशास्त्र. त्याला सगळे हायजीन म्हणायचे. मुलींनी हायजीनच घ्यावं असं कुठे लिहिलेलं नव्हतं, पण वर्गांची रचनाच तशी असायची. मुलींच्या वर्गाला प्रयोगशाळेचं दार कुठल्या बाजूला उघडतं हेसुद्धा माहीत नव्हतं. मी सरांना जाऊन सांगितलं, मला पदार्थविज्ञान घ्यायचंय.

सरांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. कोणी पाठवलंय, हा पहिला प्रश्न. कोणी नाही. मग वडील काय करतात? बदली आहेत. घरी माहीत आहे? नाही.

"तुला जमेल कशावरून?"

"नाही जमणार कशावरून?" मी म्हणाले.

मी उद्धट होते आणि अजून आहे.  दुसऱ्या दिवशी मला मुलग्यांच्या वर्गात शेवटच्या बाकावर जागा मिळाली, आणि पुढची सगळी वर्षं वर्गात सगळ्यात जास्त प्रश्न मला विचारले गेले. मुलगे म्हणायचे, परब, तुझ्यावर खार खाऊन आहे तो. मलाही तसंच वाटायचं.

प्रयोगाचं तर विचारू नका. लंबक मोजून गुरुत्वाचं उत्तर काढायचं असायचं. पुस्तकात छापलेलं उत्तर सगळ्यांना पाठ, त्यामुळे सगळ्यांचं तेच यायचं. सर वहीवर नजर टाकायचे आणि विचारायचे, बरोबर आलं? मग कोणाचं बघितलंस? ज्याचं उत्तर थोडं इकडेतिकडे यायचं त्याला ते सोडायचे. ज्याचं तंतोतंत यायचं त्याला परत लंबकापाशी उभं करायचे. खोटं बोलणारा माणूस नेहमी नीटनेटका असतो, असं ते म्हणायचे. त्यांनी पोलिसात जायला हवं होतं.

मात्र एका गोष्टीवर त्यांचा पूर्ण भरवसा होता. प्रयोगशाळेत त्यांचं मोठं सागवानी टेबल होतं, आणि टेबलावर या कडेपासून त्या कडेपर्यंत तेलरंगाने ओढलेली एक तांबडी रेघ होती. प्रयोगशाळा नवी झाली तेव्हा सरांनी होकायंत्र ठेवून, सुई स्थिर होऊ देऊन, दक्षिण-उत्तर दाखवणारी ती रेघ स्वतः आखली होती. चुंबकाचा प्रयोग करायचा तर चुंबक त्या रेघेवर ठेवायचा. उत्तर दिशा कुठली, तर रेघ जाते ती. धाकट्या भावांना मोठे भाऊ घरीच सांगून पाठवायचे, चुंबकाला रेघ सोडू नको. ती रेघ बरोबर आहे कशावरून, असं कोणी कधी विचारलं नाही. सरांनीही नाही.

मी पास झाले. पुढे बी.एस्सी. झाले, बी.एड. झाले. आमच्या टेकडीवरची पहिली पदवीधर मी. हे मीच सांगते, कारण सांगायला आता दुसरं कोणी उरलं नाही. पदवीदानाचा फोटो घेऊन सरांना दाखवायला गेले. त्यांनी तो खिडकीपाशी नेऊन बघितला आणि विचारलं, गाऊन भाड्याचा का? हो म्हटलं. वाटलंच, म्हणाले. मग शिपायाला चहा सांगितला. माझा ग्लास त्यांनी आधी उजेडात धरून तपासला आणि मगच माझ्या हातात दिला. माझं आजवरचं सगळ्यात मोठं कौतुक ते, असं मी समजते.

त्याच शाळेत मला विज्ञान शिकवायची नोकरी लागली, आणि थोड्याच वर्षांत सगळं बदललं. अकरावीची एस.एस.सी. जाऊन दहावीची आली. पदार्थविज्ञानाचं भौतिकशास्त्र झालं. पुस्तकं नवी, प्रयोग नवे. आणि सगळ्यात मोठं म्हणजे विज्ञान सगळ्यांना सक्तीचं. मुलगा असो, मुलगी असो, अ तुकडी असो की क तुकडी, प्रत्येकाने शिकायचं. आणि नुसतं सरांनी टेबलावर करून दाखवलेलं बघायचं नाही, मुलांनी आपल्या हातांनी करायचं. हायजीन संपलं.

आमच्या शिक्षकखोलीत सुतक आल्यासारखं झालं. क तुकडीतल्या मुलींना भौतिकशास्त्र शिकवायचं? त्या तुकडीत बहुतेक मुलीच होत्या. मिलवाल्यांच्या, भाजीवाल्यांच्या, मरोळच्या कारखान्यांत जाणाऱ्यांच्या. शाळेच्या निकालाची वाट लागणार, असं सगळे म्हणायचे. धुरी सर त्यात बोलायचे नाहीत. ते त्यांच्या नेहमीच्या खुर्चीत बसून नवं पुस्तक वाचत होते, आणि प्रत्येक पानावर पेन्सिलने प्रश्नचिन्ह काढत होते.

सुट्टीत विलेपार्ल्याला एका शाळेत शिक्षकांचं शिबिर झालं. मी आणि धुरी सर दोघांना पाठवलं होतं. शिकवायला आलेले गृहस्थ गोड बोलणारे होते, फळ्यावर अक्षर सुरेख. पहिलाच धडा घर्षणाने निर्माण होणाऱ्या विजेचा. कांडी लोकरीच्या कपड्यावर घासायची, कागदाचे कपटे उचलले जातात. मुलांना हे जूनमध्ये शाळा उघडल्यावर लगेच करायला द्या, मजा येते, असं ते म्हणाले. धुरी सर उभे राहिले. खुर्ची आधी हलवून बघितली होती, तरी उभे राहिले.

"हा प्रयोग तुम्ही स्वतः केला आहे?"

गृहस्थ म्हणाले, अर्थात.

"कुठल्या गावात?"

पुण्याला, असं उत्तर आलं.

"कुठल्या महिन्यात?"

त्यावर त्या गृहस्थांनी खडू खाली ठेवला. सर म्हणाले, मुंबईत जूनमध्ये हवेत एवढी ओल असते की मिठाच्या बरणीत पाणी सुटतं. कांडीवर वीज टिकेल कशी? आणि लोकरीचा कपडा आमच्या मुलांनी कुठून आणायचा, घाटकोपरला लोकर घालतं कोण? सगळं शिबिर हसलं. सर नाही हसले. ते रागावलेही नव्हते. सर खाली बसले आणि मला हळूच म्हणाले, "न करता शिकवतत."

नव्या अभ्यासक्रमाला त्यांचा विरोध आहे, असं त्या दिवसानंतर सगळीकडे झालं. मलाही तसंच वाटू लागलं. मी क तुकडीला शिकवत असताना ते बाहेर खिडकीशी येऊन उभे राहायचे. मी वळून बघितलं की निघून जायचे. हे हेडमास्तरांना जाऊन काय सांगतात, असा मला घोर लागायचा. माझ्या वर्गातल्या मुलीच म्हणायच्या, बाई, ते आलेत बघा पुन्हा. त्यांना वाटायचं ते मुलींवर लक्ष ठेवायला येतात. मला वाटायचं माझ्यावर. कोणाचं खरं होतं, ते आजही मला ठाऊक नाही.

तेवढ्यात आणखी एक झालं. सरकारकडून नव्या प्रयोगसाहित्याच्या पेट्या आल्या होत्या: भिंगं, तारा, छोटी होकायंत्रं. त्या ठेवायला शाळेने नवं लोखंडी कपाट घेतलं आणि शिक्षकखोलीत ठेवलं. एकदोन भिंगं गायब झाली. मुलांनी नेली, शिपायाने विकली, शिक्षकांच्या मुलांनी खेळायला नेली, असं जो तो म्हणायला लागला. धुरी सरांचा संशय सगळ्यांवर, अगदी माझ्यावरही. दिवाळीच्या सुट्टीत दोन हमाल बोलावून त्यांनी ते कपाट उचलून प्रयोगशाळेत आणलं आणि आपल्या सागवानी टेबलाला अगदी खेटून उभं केलं. बसल्या जागेवरून हात लागेल असं. किल्ली कोटाच्या आतल्या खिशात. आता बघतो कोण चोरतो, असं ते म्हणाले. त्यानंतर खरंच काही गेलं नाही.

नववीची वार्षिक परीक्षा जवळ आली तेव्हा हेडमास्तर दामल्यांनी आम्हा दोघांना बोलावलं. दामले साहेब माणूस मऊ. कधी आवाज चढवला नाही, आणि कधी सरळ बोललेही नाहीत. पुढच्या वर्षी दहावीची पहिली परीक्षा, जिल्ह्यात सगळ्यांचं लक्ष आपल्या निकालाकडे असणार, असं त्यांनी सुरू केलं. बाकीच्या विषयांत मुलं कशीबशी निघतात. तेव्हा विज्ञानात ज्यांचं जमणार नाही त्यांना नववीतच थांबवलेलं बरं, त्यांच्याच हिताचं. भौतिकशास्त्राचं प्रात्यक्षिक धुरी सरांनी घ्यावं, कारण त्यांच्याइतकं कडक कोणी नाही.

कोणाला थांबवायचं होतं ते मला कळलं. क तुकडीतली मुलगी एकदा नववीत राहिली की दुसऱ्या वर्षी शाळेत येत नाही. घरात म्हणतात, झालं तेवढं पुरे. काजं करायला बसते, नाहीतर लग्न. हे मला कोणी समजवायला नको होतं. मी सरांकडे बघितलं. ते छतावरच्या पंख्याकडे बघत होते, तो पडेल की काय अशा नजरेने.

"घेतो," म्हणाले.

बाहेर आल्यावर मी त्यांना विचारलं, सर, तुम्ही या मुलींना नापास करणार? ते म्हणाले, नापास होणार कशावरून? मी म्हटलं, साहेबांना तेच हवंय. त्यावर, साहेबांना काय हवंय ते मला समजतं, आणि तुम्हाला काय हवंय तेही समजतं, परबबाई, असं म्हणून ते छत्री आपटत निघून गेले. मी घरी जाऊन धड जेवले नाही.

परीक्षा साधी होती. टेबलावर कोरा कागद आणि होकायंत्र. एकेकाने आत यायचं, सुई स्थिर होऊ द्यायची, ती दाखवते त्या दिशेने कागदावर रेषा काढायची, आणि सर विचारतील त्याचं उत्तर द्यायचं. पहिल्या दिवशी अ तुकडी झाली. मुलगे आत यायचे, तांबड्या रेघेला धरून पेन्सिल ओढायचे, उत्तर सांगायचे आणि जायचे. सर समोर बसून बरोबर, बरोबर अशा खुणा करत होते. दुसरी परीक्षक म्हणून मी बाजूला उभी होते. एकाही मुलाने सुई थांबेपर्यंत वाट बघितली नव्हती. मला ते खटकलं, पण सगळं बरोबरच येत होतं.

दुसऱ्या दिवशी क तुकडी. पहिली मुलगी आली, होकायंत्रापुढे वाकून बराच वेळ उभी राहिली आणि तिने तिरकी रेषा काढली. तांबडी रेघ एकीकडे, तिची रेषा दुसरीकडे. सरांनी फुली मारली. दुसरीची तिरकी. फुली. तिसरीची तिरकी, आणि तिघींचा तिरकेपणा एकसारखा. सरांनी पेन्सिल खाली ठेवली.

"बाहेर एकमेकींना सांगतात," ते मला म्हणाले. "नाहीतर तुम्ही शिकवून ठेवलंय."

मी शिकवून ठेवायचं तर चूक कशाला शिकवीन, असं मी म्हटलं. त्यांना ते पटलं नाही. चौथी आली ती कुंदा, नर्मदाबाई कोळणीची मुलगी. आईसारखीच ताठ मानेची. तिने सुई थांबू दिली, रेषा काढली. तिरकी.

"उत्तर दिशा कुठे?" सरांनी विचारलं.

तिने तिच्या रेषेवर बोट ठेवलं.

"टेबलावरची रेघ दिसत नाही?"

"दिसते, सर."

"मग?"

"सुई तिकडे जात नाही."

"ती रेघ मी काढलेली आहे," सर म्हणाले.

"हो, सर." कुंदा म्हणाली. "पण ती बरोबर आहे कशावरून?"

ती त्यांना चिडवत नव्हती. शाळाभर ऐकलेला प्रश्न तिला परीक्षेत विचारायचाच असतो असं वाटलं असेल. 

सर खुर्चीतून उठले. होकायंत्र बोटाने टिचकी मारून बघितलं. कपाट उघडून दुसरं काढलं, मग तिसरं. सगळ्या सुया तिरक्या, सगळ्या कुंदाच्या रेषेवर. सरकारी माल, सगळाच बिघडलेला, असं ते पुटपुटले. मग एक होकायंत्र तळहातावर ठेवून ते सावकाश चालत व्हरांड्यात गेले. तिथे सुई सरळ झाली. टेबलाच्या रेघेला समांतर, अगदी पूर्वीसारखी. तसेच हात पुढे धरून ते परत आत येऊ लागले. टेबलाजवळ आले तशी सुई हळूहळू वळली आणि लोखंडी कपाटाकडे कलली.

ते कपाटाकडे बघत उभे राहिले. 

"ह्यां मीच आणलंय," ते म्हणाले, कोणालाच न सांगितल्यासारखं.

मग कुंदाकडे वळले. कपाटाचं तुला कोणी सांगितलं? कुंदा म्हणाली, कसलं कपाट? तिला काही माहीत नव्हतं. तिने फक्त सुई बघितली होती.

"तू त्या नर्मदाबाईची ना?"

"हो."

"वाटलंच."

कोणी म्हणेल, इथे सरांनी मुलींना शाबासकी दिली असेल. अजिबात नाही. त्यांनी मला बाहेर काढलं, व्हरांड्याच्या पार टोकाला उभं राहायला सांगितलं आणि आत डोकावायचं नाही म्हणून बजावलं. आत काय झालं ते मुलींनी मला नंतर सांगितलं. पहिल्या तिघींना परत बोलावलं. होकायंत्र खोलीच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांत ठेवलं आणि क तुकडीच्या प्रत्येक मुलीकडून सगळं पुन्हा करून घेतलं. दोघीतिघींनी सुईची टोकं उलटसुलट सांगितली, त्यांना त्यांनी तसे गुण दिले. बाकीच्या सगळ्यांनी सुई थांबेपर्यंत वाट बघितली आणि ती दाखवेल तिथे रेषा काढली. उन्हं कलेपर्यंत चाललं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी अ तुकडी परत बोलावली. कपाट जागचं हलवलं नाही. मुलगे आले, त्यांनी तांबड्या रेघेला धरून पेन्सिल ओढली आणि घरी गेले. बहुतेक सगळे नापास.

दामले साहेबांच्या खोलीत पुन्हा आम्ही दोघं. साहेब प्रथमच खुर्चीतून उठून बोलत होते. संस्थेच्या सभासदांची मुलं अ तुकडीत, त्यांना तुम्ही नापास केलंत आणि त्या क तुकडीला पास, याचा अर्थ काय घ्यायचा लोकांनी? गुण त्या तांबड्या रेघेवरून द्या, असं त्यांनी सुचवलं. सर म्हणाले, सुई दाखवते ती रेषा काढायची होती, टेबलावरची नाही; ती रेघ मी काढलीय म्हणून सांगतो. मग साहेबांचा आवाज मऊ झाला. असं करू, प्रात्यक्षिकच रद्द करू, झालं गेलं विसरून जाऊ.

"करा," सर म्हणाले. "मग क तुकडीला नापास ठरवायचं ते कशावरून?"

साहेब पुन्हा खुर्चीत बसले.  प्रात्यक्षिक रद्द झालं नाही आणि कोणाला थांबवलंही नाही. अ तुकडीसाठी पुन्हा एक प्रात्यक्षिक झालं, त्यात सुईकडे बघायला शिकून सगळे पास झाले. सगळी नववी दहावीत गेली.

संशय मात्र संपला नाही. नर्मदाबाईने मास्तरांच्या घरी पापलेटं पोचवली, अशी कुजबुज शिक्षकखोलीत महिनाभर चालली. सरांच्या कानावर ती गेलीच. त्यांनी खुलासा केला नाही. त्यांनी नर्मदाबाईकडून मासळी घेणंच बंद केलं, आणि पुढे पिशवी घेऊन पार मुलुंडच्या बाजारापर्यंत जाऊ लागले. नर्मदाबाईला कारण कळलं तेव्हा ती म्हणाली, "मास्तर येडा हाय. त्याला वाटलं, मी देन असं फुकट?"

त्याच उन्हाळ्यात ते निवृत्त झाले. निरोपाचा समारंभ नको म्हणाले. हारात काय असतं कोणाला ठाऊक, असं म्हणाले. किल्ल्या घ्यायला मी संध्याकाळी प्रयोगशाळेत गेले, तर सर बाह्या सारून टेबलावर वाकले होते. टर्पेंटाइनचा वास सुटला होता. हातात दाढीची पत्ती होती, आणि ते ती तांबडी रेघ खरवडून काढत होते. अर्धीअधिक गेली होती. खालचं लाकूड फिकं दिसत होतं.

मी म्हटलं, "सर, कपाट आता पलीकडे नेलंय. सुई परत रेघेवर बरोबर येते."

त्यांनी वर बघितलं नाही.

"आज बरोबर आहे," म्हणाले. "उद्या असेल कशावरून?"

रेघ पुरती गेल्यावर त्यांनी पत्ती कागदात गुंडाळून खिशात ठेवली, कोट घातला, किल्ल्या माझ्या हातात दिल्या. दार मी लावलं, कुलूप मी घातलं. ते दोन पायऱ्या उतरले, परत आले आणि कुलूप ओढून बघितलं. मग छत्री बगलेत मारून गेले.

पुढल्या मार्चात दहावीची पहिली परीक्षा झाली. क तुकडीतल्या सगळ्या मुली तिला बसल्या. सगळ्या पास झाल्या नाहीत. कुंदा झाली, आणि तिच्याबरोबर निम्म्याहून जास्त झाल्या. त्या शाळेत मुलींचा हायजीनचा वर्ग पुन्हा कधी भरला नाही.